आत्या, तुझं वेगळं पान

आत्या, परवा तुझा तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव उतरवला, सतरंज्या झाडून देवळात परत दिल्या. अण्णा ओसरीत बसून आहेत आणि मी तुझ्या खोलीत. मला रडू आलेलं नाही. बायका आईला विचारून गेल्या, नंदा रडली का म्हणून. आईनं सांगितलं, आतल्या आत कुढतीय. तसंही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी आहे. हात लावला की कळतं गाल आहे, पण कुणा दुसऱ्याचा.

मघाशी अण्णा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "ह्या कॉम्प्युटरचं बोलणं बंद करता येतं का? सकाळी कुण्या पोरानं बटण दाबलं अन् ते बोलाय लागलं. तुझी आई दचकली." मी आवाज बंद करून दिला. ते तरी तिथंच उभे. मग म्हणाले, "मी बी दचकलो."

तुझा मोठा भाऊ तो. इतकी वर्षं त्या आवाजाला 'तिची कटकट' म्हणत आला.

आलेल्यांपैकी जो तो दोनच गोष्टी बोलत होता. एक, बिचारीनं किती सोसलं. दुसरी, आंधळी असून कॉम्प्युटर चालवायची. मला सारखं वाटत होतं की तू आतून ओरडशील, "आंधळी असून न्हाई, आंधळी हाय म्हणून! डोळे असते तर मी कशाला त्या डबड्याच्या नादी लागले असते?" आतून कुणी ओरडलं नाही. मी चहाचे कप गोळा केले.

तुझ्या सोसण्याचं मला फारसं आठवत नाही, कारण मी तेव्हा पहिलीत होते. तुला जाफराबादला दिलं होतं. दिवस मावळला की तुला दिसेनासं व्हायचं, हे इथून कुणी सांगितलं नव्हतं आणि तिथं ते पहिल्या आठवड्यातच कळलं. त्यांनी तुला मारलं-झोडलं नाही. फक्त तुझं पान वेगळं केलं. सगळ्यांची पंगत आत, तुझं पान दाराआड, कारण तुझा हात लागून एकदा आमटीची वाटी सांडली होती. वर्ष-दीड वर्षानं तू पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरलीस ती उतरलीस. नंतर डी.एड. केलंस, इथं टेंभुर्णीच्याच शाळेत लागलीस, आणि गावातल्या कितीतरी पोरांना मराठी शिकवलंस. गाव तुला 'बाई' म्हणायचं. तू जाफराबादचं नाव कधी काढलं नाहीस, तक्रार म्हणूनही नाही.

मला आठवतं ते पुढचं. मी जालन्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मोंढ्याच्या बाजाराजवळ एक खोली घेऊन वेबपानं बनवायला लागले. बियाण्यांच्या कंपन्यांची, एक-दोन शाळांची, एका मंगल कार्यालयाचं. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलीस की माझ्याकडे यायचीस. एव्हाना तुला दिवसाही चारी बाजूंनी पडदा ओढल्यासारखं झालं होतं. मधे बांगडीएवढी जागा उरली होती, तेवढ्यातूनच तू जग बघायचीस.

"काय करून राह्यलीस?"

"पान बनवतेय, आत्या. एका कंपनीचं."

"दाखव."

तू काचेला नाक लावलंस. मी अक्षर मोठं करून दिलं. अक्षर मोठं झालं तसं पान रुंद झालं आणि अर्धं पडद्याबाहेर गेलं. मी म्हटलं, "आता 'पुढे' लिहिलेलं बटण दाब. उजवीकडं, खाली." तुझी बांगडीएवढी नजर सरकत सरकत निघाली. बटणापाशी पोचलीस तोवर डावीकडं काय वाचलं होतं ते तुझ्या हातून निसटलं होतं.

"नंदे, हे पान न्हाई, वावर हाय. ह्या टोकाला आलं की त्या टोकाचा बैल दिसत न्हाई."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझ्यासाठी एक पान मोडून परत बांधलं. तीन रकान्यांचा एक केला. अक्षर वाढवलं तरी ओळ पडद्यातच वळेल असं केलं. तू वरून खाली वाचत गेलीस आणि शेवटाला पोचून म्हणालीस, "आता बराबर. पण तुझ्या त्या कंपनीवाल्याला आवडंल का?" त्याला आवडलं नाही. त्याला तीन रकाने हवे होते. मी दिले. जिथं चालून जाईल तिथं मी तुझ्यासारखं करायचे.

मग बांगडीही मिटली. तू वेळेआधी नोकरी सोडलीस. निरोपसमारंभाला हसत बसलीस आणि घरी येऊन कितीतरी दिवस खोलीबाहेर आली नाहीस. जेवण आत जायचं, ताट परत यायचं. औरंगाबादच्या एका ओळखीच्यांनी मला पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या त्या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची सीडी दिली तेव्हा मी तुला बरं वाटावं म्हणून काही आणली नव्हती. अण्णा म्हणाले होते, काहीतरी कर, म्हणून आणली.

तो आवाज हिंदी होता. मराठी वाचायचा, पण पाहुण्यानं वाचल्यासारखं. 'ळ' त्याला यायचा नाही. टेंभुर्णी म्हणताना तो अडखळायचा आणि तू प्रत्येक वेळी त्याला दुरुस्त करायचीस, वर्गात करायचीस तसं, मोठ्यानं. पहिल्यांदा आपण एका मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं तेव्हाचं आठवतं? आवाज सुरू झाला आणि इंग्रजी अक्षरांची नुसती लाही फुटायला लागली.

"हे काय बडबडून राह्यलंय? ह्याला ताप आला का?"

मी समजावलं, की ह्या पानावरची अक्षरं फक्त दिसायला मराठी आहेत. आत इंग्रजीच अक्षरं आहेत, त्यांच्यावर मराठीचा नुसता आकार चढवलाय. डोळ्याला 'महाराष्ट्र' दिसतं, पण यंत्राला ते भलतंच काहीतरी दिसतं. युनिकोड नावाची पद्धत आली आहे, तिच्यात 'म' हा आतूनही 'म'च असतो. तू हसायला लागलीस ती खोकला येईपर्यंत. "म्हंजे वरून एक अन् आतून एक. माणसासारखंच केलंय की गं!"

किती दिवसांनी तुझं ते हसणं घरात ऐकू आलं होतं. आई चुलीजवळून उठून बघायला आली होती.

आणि मग आपली भांडणं सुरू झाली. शब्दांवरून. तू मराठीची बाई, तुला 'बटण' चालेना, 'कळ' पाहिजे. 'लिंक' नको, 'दुवा'. 'हेडिंग' नको, 'मथळा'. मी म्हणायचे, आत्या, कळ म्हटलं तर लोकांना पोटात येते ती वाटते. तू म्हणायचीस, "वाटू दे. दाबली की कळंल." मथळ्यावर मात्र मी हरले. मी अक्षर जाड आणि मोठं करून त्याला हेडिंग म्हणायचे. तुझ्या कॉम्प्युटरचा आवाज त्याच्यावरून सरळ निघून जायचा, कारण तिथं मथळा आहे असं पानाच्या पोटात कुठं सांगितलेलंच नव्हतं. "जाड झाला म्हणून कुणी पाटील होत न्हाई. त्याला पद द्यावं लागतं," म्हणालीस. तेव्हापासून माझ्या पानांवर मथळ्यांना पद असतं. तू एक कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायचीस आणि पान पुरतं ऐकायच्या आधीच त्याचा सांगाडा मला तोंडपाठ म्हणून दाखवायचीस.

फोटोंचंही तसंच. फोटोच्या मागं शब्द लिहून ठेवावे लागतात, ज्याला दिसत नाही त्याला ते ऐकू यावेत म्हणून. मी एका शाळेच्या पानावर फोटोमागं चांगलं पाच ओळींचं वर्णन लिहिलं. प्रांगण, गुलमोहर, मुलांचे गणवेश. तुला आवडेल असं वाटलं होतं.

"मला निबंध नको. हा फोटो इथं नसता तर काय अडलं असतं, तेवढं सांग."

"काहीच अडलं नसतं. शोभेसाठी आहे."

"मंग त्याला गप बसू दे की."

एकदा मी फोनवर तुला सांगत होते, डावीकडच्या रकान्यात तिसरं नाव बघ. तू मधेच थांबवलंस. "नंदे, मला पानावर डावं-उजवं न्हाई. मला फक्त आधी अन् मंग." मी ते वहीत लिहून ठेवलं नाही. पण त्यानंतर कुठलंही पान बांधताना मी आधी तोंडानं म्हणून बघायला लागले, काय आधी येईल आणि काय मग.

आता ते वेगळ्या पानाचं.

जालन्यातल्या एका कॉलेजचं काम मला मिळालं. अकरावीचा निकाल इंटरनेटवर लावायचा होता. तिथल्या सरांना सगळं झगझगीत हवं. पास झालेल्यांची नावं हिरव्या अक्षरात, नापासांची तांबड्या. पुढे शब्द नाही, नुसता रंग. "एका नजरेत कळलं पाहिजे," म्हणाले. त्याच कॉलेजात मंगल होती. कुंभार पिंपळगावची, जन्मापासून न दिसणारी, वडील मेंढरांमागं फिरणारे. तिचा मामा टेंभुर्णीचा, म्हणून सुट्टीत ती इथं यायची आणि तुझ्याकडे कॉम्प्युटर शिकायची. तुझी ती एकच विद्यार्थिनी उरली होती आणि तू तिला चाळीस पोरांच्या वर्गाएवढं रागवायचीस.

मी तुला म्हटलं, त्याच पानावर प्रत्येक नावापुढं शब्द टाकू. एकच पान, सगळ्यांसाठी. मी सरांशी बोलते. आणि तू नाही म्हणालीस. मला वाटलं मी चुकून ऐकलं.

"मला माझं वेगळं पान दे. साधं. नुसतं नाव अन् पुढं एक शब्द. तुमच्या जत्रेत मला कशाला फिरवतीस? तिथं हलणारी अक्षरं, फोटो, जाहिराती. मी ऐकून ऐकून थकते गं."

"आत्या, वेगळं पान शिळं होतं. लोक मोठं पान बदलतात आणि हे विसरतात."

"न्हाई विसरत. मथळा आखूड ठेव. 'अकरावी निकाल'. बस."

सरांना तुझंच पटलं. मोठ्या पानाला हात लागत नव्हता ना. म्हणून मी दोन पानं करून दिली. सहामाहीचा निकाल दोन्हीकडे लागला. मंगल इंग्रजीत गेली होती, त्यामुळे तिच्यापुढं 'अनुत्तीर्ण' होतं.

वार्षिक परीक्षा झाली, उन्हाळा आला. निकालाच्या दिवशी मंगल तुझ्या खोलीत, तुझ्या खुर्चीवर. तू मागं उभी राहून तिला सांगत होतीस, "मी काही दाबणार न्हाई. तुझा निकाल तूच ऐक." आजवर तिचे सगळे निकाल दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवले होते. कधी भाऊ, कधी शिपाई. फोनच्या तारेवरून नेट लागलं, पान उघडलं, आवाज म्हणाला, 'अकरावी निकाल', आणि मग तिच्या नावापुढं म्हणाला, 'अनुत्तीर्ण'. हे सगळं तू मला फोनवर सांगितलंस. म्हणालीस, पोरगी उठली. चहा पिली, कप धुऊन ठेवला. भाऊ आल्ता, त्याच्यासंगं गावाला गेली.

मी दुसऱ्या दिवशी सहज कॉलेजचं मोठं पान उघडलं. मंगलचं नाव हिरवं होतं. साधं पान उघडलं. तिथं अजून सहामाहीचाच निकाल होता. क्लार्क ते बदलायला विसरला होता, आणि आखूड मथळ्यात कुठली परीक्षा ते लिहिलेलंच नव्हतं.

मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "पहिली गाडी कितीला हाय?"

तुला जालन्याच्या स्टँडवर उतरवून घेतलं आणि आपण दोघी कुंभार पिंपळगावला गेलो. मंगलच्या आईनं घोंगडी अंथरली. मंगल भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं आपला आवाज ओळखला, पण हात थांबवले नाहीत.

"मंगल, तू पास झालीस," तू म्हणालीस. "आपण ऐकलं ते पान जुनं व्हतं."

"कोण म्हणलं?"

"मोठ्या पानावर हाय."

"तुमी ऐकलं का बाई, मोठ्या पानावर?"

मोठ्या पानावर ऐकण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून मी म्हटलं, "मी बघितलं, मंगल. तुझं नाव हिरव्यात आहे."

"हिरव्यात म्हंजे?"

"म्हणजे पास."

तिनं दोन-तीन शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "म्हंजे शेवटी डोळेवाल्यानंच सांगावं लागलं. मंग मी शिकले कशाला, बाई?"

तिची आई मधेच म्हणाली, "पास झाली म्हंता ना? मंग बरं झालं की. ह्यांनी तर सांगून टाकलं व्हतं, आता घरीच बस म्हणून. ही जेवली न्हाई कालपून." तिनं चूल पेटवली. तू तिथं हात मांडीवर ठेवून बसली होतीस. मंगलला तू एवढंच विचारलंस, "परत ऐकाय येशील का? पुढच्या वेळी?" ती म्हणाली, "न्हाई." मग जरा वेळानं, "बघू."

परतताना जीपमध्ये, अंबडच्या पुढं कुठंतरी, तू एकदम म्हणालीस, "मीच मागितलं ते पान." मला तुझी कीव येत नव्हती, रागही येत नव्हता. तुझा पदर वाऱ्यानं सारखा तोंडावर येत होता आणि मी तो सारखा करत होते, एवढंच आठवतं.

पुढच्याच आठवड्यात तू म्हणालीस, मला त्या सरांकडे ने. सर चांगले वागले. खुर्ची दिली, चहा सांगितला. तू म्हणालीस, "सर, रंगापुढं शब्द टाका." ते म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं बिलकुल बरोबर आहे. पण रंगानं कसं लगेच कळतं. आम्ही ते साधं पान आता नीट सांभाळू." तेवढ्यात क्लार्क छापलेल्या निकालाचे कागद सहीला घेऊन आला. ऑफिसचा प्रिंटर नुसत्या काळ्या शाईचा. हिरवं आणि तांबडं दोन्ही सारखंच करडं उमटलं होतं. क्लार्क पडद्याकडे बघून प्रत्येक नावापुढं पेनानं 'पा' आणि 'ना' लिहीत बसला होता, आणि अर्ध्यात कंटाळून तसाच सहीला आला होता. सर बराच वेळ कागद खालीवर करत राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, शब्द टाकून द्या. रंग पण ठेवा, शब्द पण."

बाहेर आल्यावर तू पायरीवर बसलीस आणि हसलीस. ते जुनं हसणं नव्हतं.

"नंदे, आपल्यासाठी न्हाई केलं. प्रिंटरसाठी केलं."

"कुणासाठी का होईना, झालं ना? हेच तर म्हणत होते मी. एक पान नीट केलं की सगळ्यांना पुरतं. प्रिंटरलासुद्धा."

"न्हाई. फरक हाय."

"काय फरक आहे?"

तू हात पुढं केलास, मी धरला, आपण स्टँडकडं निघालो.

मी मोठं पान परत बांधलं. हलणारी अक्षरं काढली, रकान्यांना मथळे दिले, प्रत्येक आकड्याच्या आधी विषयाचं नाव ऐकू येईल असं केलं. साधं पान काढून टाकलं. ते काढताना तुला विचारलं तेव्हा तू "काढ" म्हणालीस. पण त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तू विषय काढायचीस. माझं साधं पान कधी करतीस? मी चिडायचे. एवढं रामायण होऊनही? तू म्हणायचीस, "पान चुकलं न्हाई. त्याला सांभाळणारं कुणी नव्हतं."

मंगल आली. दिवाळीनंतर, बारावीच्या सहामाहीला. इथं नाही, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. सरांनी तिथं बोलणारं सॉफ्टवेअर टाकू दिलं होतं. तिनं ह्या घरच्या फोनवर फोन केला आणि स्वतः काही न बोलता रिसीव्हर त्या कॉम्प्युटरजवळ धरला. मी त्या दिवशी इथंच होते. तू रिसीव्हर जरा तिरका धरलास आणि आपण दोघींनी कान लावला. पाहुण्या आवाजात ऐकू आलं, बारावी सहामाही निकाल. मंगलचं नाव. इंग्रजी, अडतीस, उत्तीर्ण.

मग मंगलचा आवाज. "बाई, ऐकलं का?"

तू म्हणालीस, "अडतीस लई कमी हायेत." आणि फोन ठेवून पदरानं तोंड पुसलंस. सगळं तोंड, नीट, अंघोळीनंतर पुसतात तसं.

त्या मे महिन्यात घरी लग्न होतं. पंगत बसली तेव्हा तू आईला म्हणालीस, माझं पान भिंतीकडं लाव, वेगळं. मला राग आला. मी तुझ्याजवळ येऊन बसले आणि म्हटलं, जाफराबादला त्यांनी वेगळं बसवलं, आता इथं तू स्वतःच बसतेस? मी ते नाव पहिल्यांदा तुझ्यासमोर काढलं होतं. तू वरणभात कालवत राहिलीस.

"तिथं त्यांनी लावलं व्हतं. इथं मी मागून घेतलंय. पंगतीत माझा हात वाटी हुडकत फिरतो अन् समोरचे जेवायचं थांबून बघतात. मला कळतं ते. इथं मी निवांत जेवते. मंग हात धुऊन तुमच्यात येते, तेव्हा तुम्ही मला काढून देऊ नका म्हंजे झालं."

मी तिथंच समजायला पाहिजे होतं. मी पानांचं बोलत होते आणि तू जागेचं. मला वेगळं म्हटलं की टाकलेलं दिसायचं. तुला तेवढंच दिसत नव्हतं. पण मी म्हटलं, "वेबपानाचं तसं नसतं." तू म्हणालीस, "बरं."

गेल्या महिन्यात तुला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालं होतं. नळ्या, सुया, तोंडावर तो मास्क. तू मास्क खाली ओढून विचारलंस, "त्या कॉलेजचं पान नवं करणार व्हतीस ना? मंग माझं साधं पान?" मी म्हटलं, "आधी बरी हो." एवढंच म्हटलं. दुसरं काही बोलायला तेव्हा जागा होती, वेळही होता. तू मास्क परत लावलास. नंतर डॉक्टर आले, नंतर अण्णा आले, नंतर काही नाही.

तुझ्या तेराव्याला मंगल आली होती. ती आता जालन्यात एका बँकेत फोनवर बसते, तिथल्या कॉम्प्युटरवर काम करते. ती रडली, मोठ्यानं, तुझ्या खुर्चीला धरून. मी तिला पाणी दिलं. जाताना म्हणाली, "ताई, पानं आता कोण ऐकणार? मला पाठवत जा."

काम सुटत नाही, आत्या. कॉलेजचं नवं पान ह्याच महिन्यात द्यायचं आहे. काल दुपारी मी इथं बसून ते केलं. सध्या मला काम जमतं, बाकी काही जमत नाही. आणि साधं पानही केलं. क्लार्क निकाल एकाच ठिकाणी भरेल आणि दोन्ही पानं त्यातूनच तयार होतील. एक बदललं की दुसरं आपोआप बदलतं. त्यामुळे शिळं व्हायचा प्रश्नच नाही. मोठं पानही सगळ्यांना ऐकता येईल असंच ठेवलंय, ते मी सोडलेलं नाही. पण ज्याला हवं त्याला बाजूला बसता येईल. करायला एक दिवस लागला. भांडायला आपल्याला तीन वर्षं लागली.

आज सकाळी मंगलला पत्ता पाठवला. दुपारी तिचा फोन आला.

"ताई, निकाल दोन्हीकडं सारखाच ऐकू येतो. मथळ्यात परीक्षेचं नाव पण आहे. पण सगळ्यात वर एक दुवा आहे, त्याला नावच नाही. आवाज नुसता 'दुवा' म्हणतो."

तो साध्या पानाकडं जाणारा दुवा होता. नाव द्यायचं राहिलं नव्हतं, मला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "'अंधांसाठी' लिहू का?"

"नको. मला नको तसलं. अन् बँकेतल्या मॅडमला बी तेच पान आवडलं, त्यांच्या मोबाइलवर जल्दी उघडतं म्हणल्या. नुसतं 'साधं पान' लिहा."

मी तिला फोनवर ठेवूनच ते लिहिलं. पलीकडं कळ दाबल्याचा आवाज आला, मग तो पाहुणा आवाज, मग मंगल म्हणाली, "आता बोललं."

मग तिनं विचारलं, "बाई काय म्हणल्या असत्या, ताई?"

मी म्हटलं, "काय म्हणली असती? 'साधं'वर अनुस्वार नीट दिलास का, विचारलं असतं."

"दिलाय ना?"

मी वाकून बघितलं. दिला होता.